साक्षीचा उंदीर

पडद्यावर डावीकडे वरच्या कोपऱ्यात ठिपक्यांचा एक छोटा पुंजका दिसतो. पृष्ठभागावर सीडी२१ हे प्रथिन भरपूर आणि सीडी२३ जवळजवळ नाही, अशा पेशींचा. ठणठणीत ब्लॅक सिक्स (प्रयोगशाळांतला नेहमीचा काळा वंश) उंदराच्या प्लीहेतल्या बी पेशींपैकी साधारण पाच ते दहा टक्के पेशी त्या कोपऱ्यात असतात. २०१४ च्या नोव्हेंबरात मी आमच्या नॉकआउट, म्हणजे एक जनुक मुद्दाम बंद केलेल्या, उंदराच्या पेशींची नळी फ्लो सायटोमीटर या पेशी एकेक करून मोजणाऱ्या मशीनला लावली, आणि तो कोपरा रिकामाच राहिला. खाली उजवीकडचा मोठा ढग भरत गेला, आकडा पन्नास हजार पेशींच्या पुढे गेला, तरी वर डावीकडे चार-दोन चुकार ठिपके. नळी काढली, हलवली, परत लावली. तेच.

पीएचडीचं दुसरं वर्ष चालू होतं. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातलं विद्यापीठ, बाहेर पहिला बर्फ, खोलीत मशीनची घरघर आणि मी एकटी. त्या रात्री घरी जाताना मी बसमध्ये चक्क गुणगुणत होते. भारतात सकाळ झालेली, म्हणून आईला कराडला फोन लावला आणि सांगितलं, मोठं काहीतरी सापडलंय. ती म्हणाली, "जेवलीस का?"

त्या कोपऱ्याचं एवढं अप्रूप का, ते सांगायला हवं. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या बी पेशी म्हणजे एकसाची फौज नव्हे. (नावातला 'बी' कोंबडीच्या शरीरातल्या फॅब्रिशियसच्या बर्सा या पिशवीवरून आला. उंदराला आणि आपल्याला ती पिशवीच नाही, नाव मात्र चिकटलं.) प्लीहेतल्या बहुतेक बी पेशी फॉलिकल नावाच्या पुंजांत राहतात आणि टी पेशींच्या मदतीने, सावकाश, पण नेमकी प्रतिपिंडं घडवतात. फॉलिकलच्या कडेला, रक्त जिथे प्लीहेत ओतलं जातं त्या काठावर, वेगळ्याच स्वभावाच्या बी पेशी बसलेल्या असतात. त्या मार्जिनल झोन बी पेशी. आम्ही नुसतं 'एमझी' म्हणायचो. जकात नाक्यावरच्या माणसांसारखं त्यांचं काम. रक्तातून न्यूमोकोकससारखा साखरेचं कवच घातलेला जंतू आला की टी पेशींची वाट न बघता दोन-तीन दिवसांत आयजीएम ही पहिल्या फळीची प्रतिपिंडं ओतायला लागायचं. प्लीहा काढलेल्या माणसाला न्यूमोकोकसची लस आवर्जून देतात, त्यामागे या पेशींचाही मोठा भाग आहे. आमच्या आजीच्या भाषेत प्लीहा म्हणजे पांथरी. "हिवतापानं पांथरी वाढली" एवढाच तिचा त्या अवयवाशी संबंध. मी पाच वर्षं उंदरांच्या पांथऱ्या किसत होते हे तिला कधी नीट सांगता आलं नाही.

एमझीची एक चुलत भावकी आहे, बी-१ए पेशी. त्या पोटाच्या पोकळीत राहतात आणि कुणी न सांगता, लस नाही की संसर्ग नाही, आयजीएम बनवत बसतात. आमच्या नॉकआउट उंदरांत त्याही कमी निघाल्या. म्हणजे आमचं जनुक (त्याचं नाव इथे सांगत नाही, लॅबमध्येही आम्ही त्याला 'आपलं जनुक' असंच म्हणायचो) या सगळ्या झटपट प्रतिसाद देणाऱ्या कुळाला लागतं, असा सरळ अर्थ निघत होता. बॉसने फळ्यावर बाण काढले. मला त्यात शोधनिबंधाचं शीर्षक दिसायला लागलं.

कामाचा दिवस कसा असायचा तेही लिहिते, कारण निबंधात 'पद्धती' या मथळ्याखाली ते चार ओळींत उरकलेलं असतं. सकाळी सातला उंदीरघरात. तिथे जाताना अंगावर झगा, डोक्याला टोपी, बुटांवर पिशव्या. उंदरांना कार्बन डायऑक्साइड, मग मान निखळवून खात्री. या भागाची सवय होते असं लोक म्हणतात. मला सवय घाईची झाली, त्या कामाची नाही. मग आधी पोटाची पोकळी. कातडी सोलायची, आतली पातळ पडदी शाबूत ठेवायची, पाच मिलिलिटर थंडगार पीबीएस (खारट द्रावण) सुईने आत सोडायचं, पोट दोन बोटांनी हलकेच चोळायचं आणि तेच पाणी परत ओढून घ्यायचं. सुई आतड्याला लागली तर पाणी हिरवट येतं आणि तो उंदीर बाद. पहिल्या महिन्यात माझे निम्मे उंदीर असे बाद झाले. नंतर हात बसला. सुईचा उतार वर, टोक चरबीच्या बाजूने, आणि ओढताना श्वास रोखून.

त्यानंतर प्लीहा. डाव्या बरगडीखाली गडद तांबडी, पट्टीसारखी, ऐंशी-शंभर मिलिग्रॅमची. चाळणीवर ठेवून सिरिंजच्या दट्ट्याने रगडायची. खाली लालसर पाणी उतरतं. तांबड्या पेशी फोडायला अमोनियम क्लोराइडचं द्रावण घातलं की ते गढूळ पाणी बघता बघता पारदर्शक, सरबतासारखं होतं. दोन मिनिटं बस्स. फोन बघत बसलात तर बी पेशीही फुटतात. एका प्लीहेतून दहा कोटींच्या आसपास पेशी मिळतात, निम्म्याहून जास्त बी. मग बर्फावर, अंधारात, रंगीत टॅग लावलेली प्रतिपिंडं त्यांना चिकटवायची. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी ओळखायला पुन्हा प्रतिपिंडंच. संध्याकाळी सहाला मशीनचा नंबर लागायचा, दहाला घरी.

आमचा उंदीर माझ्याआधीच्या एका पोस्टडॉकने (पीएचडीनंतरच्या संशोधकाने) आणला होता. जनुक बंद करण्याचं काम १२९ नावाच्या दुसऱ्या उंदीर-वंशाच्या मूलपेशींत झालेलं, तेव्हा जुन्या रिवाजाप्रमाणे त्याने तो उंदीर ब्लॅक सिक्सशी दहा पिढ्या उलट-संकरित केला, म्हणजे दर पिढीला पुन्हा ब्लॅक सिक्सशीच जोडला. हेतू असा की, १२९ चं बाकीचं सामान धुऊन जावं आणि फक्त बंद केलेलं जनुक मागे राहावं. दहा पिढ्या म्हणजे कसेबसे अडीच-तीन वर्षं. मग त्याने नॉकआउट नर आणि नॉकआउट मादी यांची जोडी लावली, म्हणजे होणारं प्रत्येक पिल्लू नॉकआउटच. हिशोबाला हे सोयीचं. पिंजऱ्यामागे रोजचं भाडं द्यावं लागतं. दोन्ही बाजूंनी एकेकच बिघडलेली प्रत असलेली जोडी लावली तर चारातलं एकच पिल्लू कामाचं, बाकी तिघांना पोसायचं. तुलनेला लागणारे धडधाकट उंदीर आम्ही एका पुरवठादाराकडून तयार मागवायचो. वय जुळवलेले, लिंग जुळवलेले, खोक्यात जेलीच्या तुकड्यांसह येणारे. त्यांच्या खाण्यापिण्यातला फरक मिटावा म्हणून दोन आठवडे आमच्याच खोलीत ठेवायचे. एवढं केलं की आपण फार काटेकोर, असं मला मनापासून वाटायचं.

२०१५ भर मी त्या रिकाम्या कोपऱ्याभोवती घर बांधलं. एनपी-फायकॉल टोचलं, हे टी पेशींची मदत न लागणारं प्रतिजन. सातव्या दिवशी रक्त काढून एलायझा (रंगावरून प्रतिपिंडं मोजायची चाचणी) लावली. नेहमीच्या उंदरांच्या वाट्या निळ्या, आम्ल घातल्यावर पिवळ्याधमक. नॉकआउटच्या फिकट. अगदी हवं तसं. लॅबच्या बैठकीत टाळ्या. एका परिषदेत पोस्टर लावलं, लोक थांबून विचारत होते. दोन प्रयोगशाळांनी उंदीर मागितले, आम्ही आनंदाने पाठवले.

सप्टेंबरात प्रबंध समितीची बैठक झाली. समितीत एक म्हातारे आनुवंशिकीवाले प्राध्यापक होते, जे बहुतेक वेळ डोळे मिटून बसायचे. माझ्या बाराव्या स्लाइडला ते म्हणाले, "ही तुलनेची मंडळी कोणाची पोरं?" मी पुरवठादाराचं नाव सांगितलं. "म्हणजे भावंडं नाहीत." नाहीत. "मग एकाच विणीतली भावंडं करा आणि परत दाखवा." झालं, परत डोळे मिटले.

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. सहा महिने वाया. नॉकआउट उंदीर ब्लॅक सिक्सच्या 'जे' शाखेशी जोडायचा, पहिल्या पिढीची सगळी पिल्लं अर्धवट (एक प्रत बिघडलेली, एक शाबूत), ती मोठी व्हायला दोन महिने, मग त्यांची आपसात जोडी, वीस दिवसांचा गर्भ, एकविसाव्या दिवशी दूध तोडणं, आठ आठवड्यांची झाली की तपासणी. बॉसही कुरकुरला. पण समितीची सही लागते.

मार्च २०१६ मध्ये पहिली तुकडी तयार झाली. कानाच्या टिकल्यांतून डीएनए, पीसीआर, जेल: कुणात जनुक शाबूत, कुणात बंद, ते ठरवणारं जीनोटायपिंग. सात उंदीर निवडले: तीन धडधाकट, चार नॉकआउट. संध्याकाळी मशीनवर बसले. पहिला नॉकआउट: कोपरा भरलेला. दुसरा: भरलेला. तिसरा रिकामा, हुश्श. चौथा परत भरलेला.

पहिला विचार हाच की मी नळ्यांची अदलाबदल केली. दुसरा विचार, जीनोटायपिंग चुकलं. रात्री अकराला फ्रिजरमधून कानांचे तुकडे काढून सगळा पीसीआर नव्याने लावला. पहाटे जेलवर पट्टे आले ते जसेच्या तसे. नॉकआउट ते नॉकआउटच. त्या आठवड्यात मी बॉसला टाळत होते. भेटलाच तर "दुसरी तुकडी बघते" म्हणायचे.

दुसऱ्या तुकडीत तो उंदीर आला. कानावर दोन छिद्रं, नर, शेपटीचं टोक थोडं वाकडं. जनुकाच्या दोन्ही प्रती शाबूत. पूर्ण धडधाकट, साक्षीला उभा करायचा तो. आणि त्याचा वरचा डावा कोपरा रिकामा. पोटाच्या पाण्यात बी-१ए पेशीही जवळपास नाहीत. मी त्या ठिपक्यांकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. मागे रांगेतल्या मुलाने "झालं का?" विचारलं तेव्हा भानावर आले.

एप्रिलअखेर सगळी पिल्लं तपासून झाली. अकरा नॉकआउट, त्यांतले तीन रिकामे, आठ भरलेले. अकरा धडधाकट, त्यांतलेही तीन रिकामे, आठ भरलेले. हे आकडे मी एका बिलाच्या पाठीवर लिहिले होते. अकरातले तीन आणि अकरातले तीन. बसमध्ये ते पुन्हा वाचताना पोटात गोळा आला. साधारण एक चतुर्थांश. आपलं जनुक असो वा नसो, एक चतुर्थांश. हे बारावीच्या पुस्तकातलं मेंडेलचं वाटाण्याचं गणित होतं: कुठल्या तरी दुसऱ्याच गुणसूत्रावर बसलेलं, दोन्ही प्रती बिघडल्या तरच दिसणारं एखादं दुसरंच जनुक. आमच्या वंशात ते कधीतरी घुसलेलं, आणि नॉकआउट × नॉकआउटच्या बंद कोठारात सगळ्यांत दोन-दोन प्रती होऊन बसलेलं. विकतच्या उंदरांत ते नाही, म्हणून तुलनेत फरक ठसठशीत. दीड वर्ष मी एका जनुकाचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर लिहीत होते.

बॉसला सांगितलं. तो बराच वेळ फळ्यावरचे जुने बाण बघत बसला. मग म्हणाला, "कोणतं ते शोधायचं?" मी म्हटलं, कसं? अख्खा जीनोम वाचायचा का? त्याने खांदे उडवले.

उत्तर बाहेरून आलं. मेच्या शेवटी 'सेल रिपोर्ट्स'मध्ये एक निबंध निघाला. बाजारात विकत मिळणाऱ्या ब्लॅक सिक्सच्या एका उपवंशात डॉक२ नावाच्या जनुकाचे २८ आणि २९ क्रमांकाचे एक्सॉन (जनुकाचे तुकडे) दुबार झालेत आणि जनुक निकामी झालंय. हा बिघाड आधी आयआरएफ५ नावाच्या वेगळ्याच जनुकाच्या नॉकआउट उंदरांत २०१२ मध्ये कुणाला दिसला होता, पण तेव्हा तो त्याच वंशात आपोआप उपजला असं धरून चालले होते. आता कळलं की तो विकतच्या 'सामान्य' उंदरांतूनच आलाय आणि उलट-संकर करता करता अनेक नॉकआउट वंशांत शिरलाय, या निबंधाच्या लेखकांच्या स्वतःच्या वंशातसुद्धा. लक्षणांची यादी वाचताना मला माझंच पोस्टर कुणीतरी वाचून दाखवतंय असं वाटलं. मार्जिनल झोन बी पेशी घटलेल्या, बी-१ए घटलेल्या.

डॉक२ काय करतं हेही तेव्हा नीट वाचलं. लिंफोसाइटला रसायनाच्या वासावरून चालायला लागतं ते प्रथिन. ते रॅक नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं आणि पेशी पाय टाकते. २००१ मध्ये जपानी गटाने डॉक२ मुद्दाम बंद केलं तेव्हाच त्या उंदरांत मार्जिनल झोन बी पेशी नव्हत्या. म्हणजे जकात नाक्यावर पोचायला पायच नाहीत. २०१५ मध्ये माणसाच्या मुलांतही हे जनुक बिघडलेलं आढळलं, बिचारी लहानपणापासून गंभीर संसर्गांनी बेजार. गोष्ट फार महत्त्वाची होती. फक्त ती आमच्या जनुकाची नव्हती.

आता आमच्याकडे तो आला कुठून? मी जुन्या पोस्टडॉकच्या वह्या काढल्या. तळघरात, खोक्यात, कॉफीचे डाग पडलेल्या. २००७ पासूनच्या पानांवर पुरवठ्याच्या पावत्या चिकटवलेल्या होत्या, काहींचा गोंद सुकून त्या खाली पडल्या. दहाच्या दहा पिढ्यांचे ब्लॅक सिक्स त्याने एकाच पुरवठादाराकडून घेतले होते, आणि उपवंशाचं नाव तंतोतंत तेच. तुलनेचे उंदीर मात्र माझ्या काळात दुसऱ्याकडून, कारण तिथे सवलत मिळाली. 'ब्लॅक सिक्स' हे नाव ऐकून मी एकच जात समजत होते. जे आणि एन या शाखा तर १९५१ पासूनच वेगळ्या झाल्यात, आणि एनच्या पुढे आणखी फाटे. पोस्टडॉकने वंश स्वच्छ व्हावा म्हणून दहा वेळा धुतला होता, आणि ज्या पाण्याने धुतला त्यातच गाळ होता. त्याची चूक म्हणवत नाही. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. माझी चूक म्हणता येईल. भावंडं का नाहीत हा प्रश्न मी स्वतःला दीड वर्षात एकदाही विचारला नाही, कारण उत्तर मला आवडलं होतं.

दुबार एक्सॉनच्या सांध्यावर बसणारे प्राइमर (पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवले. फ्रिजरमध्ये जपलेले सगळे डीएनए काढले. एका दुपारी जेल ओतलं: जुन्या वसाहतीतले सगळे नॉकआउट, विकतचे सगळे उंदीर, आणि त्या बावीस पिल्लांचं सगळं. दिव्याखाली धरल्यावर सांध्याचा पट्टा जुन्या नॉकआउटच्या प्रत्येक रकान्यात होता, विकतच्यांत एकातही नाही. बावीसातल्या ज्या सहांचा कोपरा रिकामा होता, त्या सहाही जणांत तो होता. वाकड्या शेपटीवाला त्यात. मी त्या जेलचा फोटो अजून ठेवलाय.

त्या रात्री आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ते उंदीर खोटं बोलले का?" मी म्हटलं, नाही गं, ते खरंच बोलत होते, मी साक्षीला भलत्यांना उभं केलं होतं. "उंदराला मांजर साक्ष," ती म्हणाली. म्हण नीट लागू पडत नव्हती, पण आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता मी रडले. ती म्हणाली, "जेवलीस का?"

पुढचं थोडक्यात. जुनी वसाहत बंद केली. ज्या आठ नॉकआउटांचा कोपरा भरलेला होता, त्यांच्या भावंडांतून डॉक२ पूर्ण निर्दोष असलेली जोडी निवडून नवी वसाहत उभी केली, यावेळी अर्धवट × अर्धवट, प्रत्येक विणीतून साक्षीदार. आपलं जनुक अगदीच निकामी निघालं नाही. एनपी-केएलएच, हे टी पेशींची मदत लागणारं प्रतिजन, तुरटीच्या क्षारात कालवून टोचलं आणि सहा महिने थांबलं, तर अस्थिमज्जेत टिकून राहणाऱ्या, प्रतिपिंडं ओतत राहणाऱ्या प्लाझ्मा पेशी भावंडांपेक्षा थोड्या कमी दिसतात. थोड्याच. प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यावर आहे. पहिल्या प्रकरणात मी डॉक२ ची सगळी कथा घातली, बॉसचा विरोध असून. निबंध एका मधल्या दर्जाच्या नियतकालिकात आला आणि पोस्टरसमोर जेवढी माणसं थांबली होती तेवढ्यांनीसुद्धा तो वाचला नसेल.

एक काम राहिलं होतं. ज्या दोन प्रयोगशाळांना उंदीर पाठवले होते त्यांना पत्र. तीन दिवस मसुदा करत होते, शेवटी पाच ओळी पाठवल्या: वंशात डॉक२ चा बिघाड आहे, प्राइमर सोबत जोडलेत, एमझीबद्दल काही लिहिलं असेल तर थांबवा, आणि क्षमस्व. एकीकडून फक्त पोच आली. दुसरीकडच्या विद्यार्थिनीचं उत्तर तासाभरात आलं. तिने लिहिलं होतं, आमच्याकडेही कोपरा रिकामाच दिसला होता, गेल्या शुक्रवारी आम्ही केक कापला.